गुणोत्तर-प्रमाणाचे अध्यापन : ‘लीलावती’तील त्रैराशिकाच्या संदर्भात

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ (इ. स. 1150) या ग्रंथातील त्रैराशिक शालेय गणितात ‘तिरकस गुणाकारा’च्या रूपाने आजही टिकून आहे. रीत टिकली, तिच्या आधी करावयाचा विचार मात्र मागे पडला, असे उच्च प्राथमिक वर्गांतील अध्यापनाबाबत म्हणावे लागते.

त्रैराशिकात प्रमाण, फल आणि इच्छा या तीन राशी असतात. प्रमाण व इच्छा एकजातीय; फलास इच्छेने गुणून प्रमाणाने भागावयाचे. भास्कराचार्य एवढ्यावर थांबत नाहीत. इच्छा वाढली असता फल घटत असेल, तर व्यस्त त्रैराशिक योजावे, असे सांगून ते प्रसंगही नोंदवितात : जनावराचे वय आणि मोल, सोन्याचा कस आणि वजन. म्हणजे आकडेमोडीपूर्वी राशींमधील नाते ओळखणे हे विद्यार्थ्याचे काम होते.

आज हे काम बहुधा प्रकरणाचे शीर्षकच उरकून टाकते. ‘समप्रमाण’ या मथळ्याखाली उदाहरणे समप्रमाणाचीच! एक सदरा उन्हात दोन तासांत वाळतो, तर शेजारी टांगलेले पाच सदरे किती तासांत वाळतील, असा प्रश्न तेथे नसतो; म्हणून तो कधी विचारला गेलाच, तर ‘दहा’ हे उत्तर सहज येते. दुसरी चूक बेरजेची. दोन वाट्या तांदळाला तीन वाट्या पाणी, तर चार वाट्यांना पाच, असे मूल म्हणते. फरक तोच राखल्याचे त्याला समाधान असते. हा निष्काळजीपणा नव्हे. पियाजे यांनी त्यास बालविचाराच्या विकासातील एक टप्पा मानले आहे. तिरकस गुणाकाराने ही चूक सुधारत नाही, केवळ झाकली जाते.

वस्तुतः गुणाकारी तुलना मराठीच्या अंगातच आहे. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द दुसरे काय करतात? पावकी, निमकी, दिडकी हे पाढे 1957 मधील दशमान नाण्यांनंतर शाळांतून हळूहळू लोपले. त्यांच्या घोकंपट्टीसाठी हळहळण्याचे कारण नाही. परंतु भाईंदरच्या केबिन रोडवर पाव किलो भाजीच्या भावावरून दीड किलोची किंमत काढणारे मूल ‘सहा पट’ हेच नाते वापरत असते. ब्राझीलमधील रेसिफे येथे रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांच्या 1985 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही, गिऱ्हाइकाशी अचूक हिशेब करणारी मुले तीच आकडेमोड कागदावर चुकतात, असे आढळले होते.

हा हिशेब शिक्षकाने आधी तोंडी ऐकावा, ‘क्ष’ नंतर मांडावा. सम, व्यस्त आणि दोन्हींत न बसणारी उदाहरणे एकाच स्वाध्यायात मिसळावीत. त्याने अभ्यासक्रम रेंगाळतो, ही शिक्षकांची तक्रार खरी आहे. पण त्यावरील उपाय उदाहरणांची संख्या कमी करणे हा आहे.