वॉटर्स्टनचा निबंध व रॉयल सोसायटीचें दप्तर

लंडनच्या रॉयल सोसायटीनें सन १८९२ च्या आपल्या 'फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स'मध्यें जॉन जेम्स वॉटर्स्टन याचा वायूंच्या स्वरूपाविषयींचा निबंध छापला. हा निबंध सोसायटीकडे आला होता सन १८४५ च्या डिसेंबरांत. मधलीं शेहेचाळीस वर्षें तो तिच्याच दप्तरांत पडून होता. निबंधास लॉर्ड रॅले यांची प्रस्तावना आहे. ती आम्हांस सर्वस्वीं पटत नाहीं, म्हणून हें टिपण.

वॉटर्स्टन मूळचा एडिंबरोचा. सन १८३९ पासून तो मुंबईस ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारी उमेदवारांस शिकवीत असे, व तेथूनच त्यानें निबंध धाडला. वायूचे कण सतत धांवत असतात, उष्णमान हें त्यांच्या गतिशक्तीचें माप होय, व दोन वायू मिसळले असतां दोहोंच्या कणांची सरासरी गतिशक्ति सारखी होते, असें त्याचें प्रतिपादन होतें. क्लॉसियसचा या विषयावरील लेख सन १८५७ चा व मॅक्सवेलचा सन १८६० चा, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या कागदांचें मोल कळतें.

५ मार्च १८४६ रोजीं निबंध सभेपुढें वाचला गेला व पुढें परीक्षकांकडे गेला. सर जॉन लबक यांनीं तो निव्वळ अर्थशून्य ठरविला. बेडन पॉवेल यांनाहि त्याचा मूळ आधारच मान्य झाला नाहीं. निबंध छापला गेला नाहीं. सभेपुढें वाचलेला निबंध सोसायटीच्या मालकीचा होई व तो लेखकास परत मिळत नसे. वॉटर्स्टननें स्वतःजवळ नक्कल ठेविली नव्हती.

रॅले मोकळ्या मनानें कबूल करतात कीं, निबंध वेळीं न छापल्यानें या शास्त्राची वाढ दहापंधरा वर्षें मागें पडली असावी. परंतु लगेच ते उपदेश करतात कीं, अप्रसिद्ध लेखकानें असले धाडसी विचार विद्वत्संस्थेकडे न नेतां अन्य मार्गानें लोकांपुढें मांडावे, आधीं लहान कामानें नांव मिळवावें. आमचा आक्षेप येथें आहे. न छापणें व न परतविणें हीं दोन निरनिराळीं कृत्यें होत. पहिलें मतभेदाचें असल्यानें क्षम्य. दुसऱ्यानें मात्र लेखकाचा तो अन्य मार्गच बंद केला. मुंबईचें अंतर आड आलें म्हणावें, तर त्याच मुंबईच्या गोदींतले आर्देशीर कर्सेटजी वाडिया सन १८४१ मध्यें सोसायटीचे सभासद निवडले गेले होते. सन १८४७ मध्यें सोसायटीनें आपले नियम सुधारले खरे, व दरसाल पंधराच नवे सभासद घ्यावे असें ठरविलें. पण त्या सुधारणेचा मुख्य रोख सभासद कोणास करावें यावर होता.

तथापि दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. ज्या नियमानें निबंध अडकविला त्यानेंच तो राखला. सन १८५७ मध्यें सोसायटीचें बिऱ्हाड सॉमरसेट हाउसांतून बर्लिंग्टन हाउसांत गेलें, त्या हलवाहलवींतूनहि हस्तलिखित शाबूत राहिलें. तें परत मुंबईस जातें तर आज हातीं असतें कीं नाहीं, कोण सांगेल? मात्र त्याचा पत्ता दप्तरानें आपण होऊन दिला नाहीं. वॉटर्स्टननें सन १८५८ मध्यें ध्वनीवरील आपल्या एका लेखांत या निबंधाचा उल्लेख केला होता. त्या उल्लेखाच्या मागानें रॅले दप्तरांत शिरले. ते त्या वेळीं सोसायटीचे चिटणीस होते, म्हणून दप्तर त्यांस खुलें होतें. इतरांस तें त्या काळीं कितपत साधलें असतें याची शंकाच आहे. वॉटर्स्टन सन १८८३ मध्यें एडिंबरो येथें घराबाहेर पडला तो परतलाच नाहीं. छापील निबंध त्याच्या दृष्टीस पडला नाहीं.

ज्यांच्या संग्रहीं हा भाग असेल त्यांनीं आपल्या यादींत निबंधाचा लेखनकाल सन १८४५ असा लिहावा, व १८९२ हें केवळ मुद्रणाचें वर्ष म्हणून निराळें दाखवावें.