पान आणि विमान

विनिपेगला स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याने गेल्या हनुक्काला आमच्या नातवासाठी एक निळी जर्सी पाठवली. तिथल्या आइस हॉकीच्या संघाची, म्हणजे 'विनिपेग जेट्स'ची. छातीवर मोठे गोल चिन्ह, त्यात मेपलचे लाल पान आणि पानावरून झेप घेणारे करड्या रंगाचे लढाऊ विमान. नातू त्याच आठवड्यात सैन्यातून सुटून घरी आला होता. त्याने जर्सी उलगडली, उलटसुलट करून पाहिली आणि हसत म्हणाला, "साबा, एक युनिफॉर्म काल परत केला, तर आज दुसरा आला!"

जर्सी तो घालतो. थंडीला चांगली आहे. पण त्याचे ते बोलणे माझ्या मनात राहिले. भाच्याला फोन केला तेव्हा कळले की हे चिन्ह 2011 साली प्रथम लोकांपुढे आले त्या वेळी कॅनडातही असाच प्रश्न निघाला होता आणि वर्तमानपत्रांतून त्यावर पुष्कळ वाद झाला होता. खेळाच्या चिन्हावर इतके काय लिहायचे, असे काही वाचक म्हणतील. परंतु चिन्ह ही लहान गोष्ट नव्हे. माणूस जे छातीवर लावतो, त्यावरून तो स्वतःला कोण समजतो ते दिसते.

प्रथम थोडी माहिती. आपल्याला हॉकी म्हटले की मातीचे मैदान आणि ध्यानचंद आठवतात. कॅनडात हॉकी बर्फावर खेळतात आणि तिथे तिचे वेड आपल्याकडच्या क्रिकेटसारखे आहे. विनिपेग जेट्स हा व्यावसायिक संघ 1972 साली उभा केला बेन हॅट्स्किन या विनिपेगच्याच एका यहुदी गृहस्थाने. त्याने बॉबी हल या नामांकित खेळाडूला दहा लाख डॉलरचा चेक देऊन आपल्या संघात आणले, तेव्हा सारा देश थक्क झाला होता. पुढे पैशाचा मेळ बसेना, म्हणून 1996 साली संघ अमेरिकेत फिनिक्सला गेला. गावकऱ्यांनी अश्रू ढाळले. पंधरा वर्षांनी, 2011 साली, अटलांटाचा संघ विकत घेऊन विनिपेगला आणण्यात आला आणि त्याला जुनेच नाव दिले. आनंदाला पारावार नव्हता. अशा आनंदात 22 जुलै रोजी नवे चिन्ह जाहीर झाले.

जुन्या चिन्हातही विमान होते. 'जेट्स' या शब्दातले इंग्रजी पहिले अक्षर हॉकीच्या काठीसारखे वळवलेले आणि वर एक चिमुकले विमान. ते प्रवासी विमान की लढाऊ, असा विचार कोणाच्या मनात आला नसेल. तो नावावरचा विनोद होता. नव्या चिन्हात मात्र विनोद नाही. ते कॅनडाच्या हवाई दलाच्या गोल चिन्हावरून घेतलेले आहे आणि त्यातले विमान सीएफ-18 या लढाऊ विमानाच्या आकाराचे आहे. सैन्याशी तसा रीतसर करारही झाला. संघाने दहा वर्षांत दहा लाख डॉलर सैनिकांसाठी काम करणाऱ्या संस्थांना देण्याचे कबूल केले.

वादाला काळही कारणीभूत होता. त्याच जुलै महिन्यात कॅनडाची कंदाहारमधली लढाईची मोहीम संपली होती. अफगाणिस्तानात त्यांचे दीडशेहून अधिक सैनिक कामी आले. मार्चपासून सीएफ-18 विमाने लिबियावर बॉम्ब टाकीत होती. ऑगस्टमध्ये तिथल्या सरकारने हवाई दलाला 'रॉयल' हे जुने बिरुद परत दिले. टीकाकार म्हणाले, सरकारला देश लढवय्या दाखवायचा आहे आणि खेळही त्या कामी लावला आहे. कॅनडा तर शांतिसैनिकांचा देश! लेस्टर पिअरसन यांना 1957 साली नोबेल पारितोषिक मिळाले ते सुएझच्या संकटात संयुक्त राष्ट्रांची सेना उभी करण्याबद्दल. त्या सेनेचे कॅनेडियन सैनिक गाझा आणि सिनाईत आपल्या सरहद्दीपाशी 1967 पर्यंत होते, हे आपल्यातल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की विनिपेग हे हवाई दलाचे गाव आहे. घराघरात त्या दलाची माणसे आहेत. त्यांचा मान केला तर बिघडले काय?

मी दोन्ही बाजूंचे ऐकून घेतले आणि मग जर्सी टेबलावर पसरून नुसते चित्र पाहिले. चित्राची परीक्षा चित्रावरून करावी, भाषणांवरून नव्हे.

चित्र म्हणून ते चांगले आहे, हे आधी सांगतो. रेषा स्वच्छ आहेत, दुरून ओळखू येते, रंग मोजके आहेत. वर्तुळाच्या माथ्यावर एक बारीक खाच आहे, ती होकायंत्रातली उत्तर दिशा दाखवते. मालक कंपनीचे नावच 'ट्रू नॉर्थ', म्हणजे खरी उत्तर. ही कल्पना मला आवडली.

वर्तुळाचाही एक इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात 1914 साली इंग्रजांनी आपल्या विमानांच्या पंखांवर युनियन जॅक रंगवला, पण दुरून तो जर्मनांच्या क्रुसासारखा दिसे आणि जमिनीवरचे आपलेच शिपाई वर गोळ्या झाडीत. म्हणून फ्रेंचांच्या विमानावरील रंगीत वर्तुळ उचलून, रंगांचा क्रम उलटा करून, त्यांनी आपले वर्तुळ केले. कॅनडाने दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या मध्यभागी मेपलचे पान घातले. म्हणजे हे चिन्ह मुळात शत्रूला भिवविण्यासाठी नाही. 'मी तुमचाच आहे, मारू नका,' एवढेच ते म्हणते. खेळाच्या संघाला यापेक्षा चांगले काय हवे? वर्तुळ आणि पान एवढ्यावर थांबले असते, तर माझी काही तक्रार नव्हती.

सैन्यातून आलेले चिन्ह खेळात चालत नाही असे मुळीच नाही. टोरोंटोचा 'मेपल लीफ्स' हा संघ पाहा. कॉन स्माइद हे पहिल्या महायुद्धात लढलेले गृहस्थ. त्यांनी 1927 साली संघ हाती घेतल्यावर त्याला मेपलच्या पानाचे नाव दिले, कारण कॅनडाचे सैनिक ते पान बिल्ल्यावर लावून लढले होते. आज टोरोंटोच्या पोराला ते पान पाहून खंदक आठवत नाहीत. पान सैनिकाच्या अंगावरचे होते, त्याच्या हातातले नव्हते. सैनिक घरी येतो तेव्हा बिल्ला घेऊन येतो, आणि तोफ जिथल्या तिथे राहते. माझ्या मते सगळा फरक इथे आहे. माणसाची खूण मागे ठेवण्याजोगी असते. हत्याराला फक्त काम असते. विनिपेगच्या चिन्हात पान आणि विमान दोन्ही आहेत, पण विमान पानाच्या वर काढले आहे आणि पानाचा मधला भाग त्याने झाकून टाकला आहे. चित्रकाराच्या मनात तसे नसेलही. डोळ्याला मात्र तेच दिसते.

आता दुसरी गोष्ट. हे विमान तरी विनिपेगचे आहे का? विनिपेगच्या तळाला '17 विंग' म्हणतात. तिथे वैमानिक मंडळींना शिक्षण देतात, माल वाहतात आणि हरवलेल्यांचा शोध घेऊन त्यांना सोडवून आणतात. सीएफ-18 विमानांचे तळ आल्बर्टात कोल्ड लेकला आणि क्वेबेकात बॅगोटव्हिलला आहेत. एवढेच नव्हे, 1986 साली या विमानांच्या देखभालीचे मोठे काम निघाले तेव्हा विनिपेगच्या ब्रिस्टल कंपनीची बोली कमी पैशांची आणि तांत्रिक दृष्ट्या सरस ठरली होती. तरीही सरकारने काम मॉन्ट्रिअलच्या कंपनीला दिले. त्या अन्यायाने अख्खा पश्चिम कॅनडा पेटला होता. आणि पंचवीस वर्षांनी त्याच गावाने तेच विमान छातीवर लावले! ज्या मुलीने नकार दिला तिचाच फोटो दिवाणखान्यात टांगावा, तसे झाले हे.

विमानच हवे होते तर गावात होते. सप्टेंबर 2011 मध्ये नव्या जर्स्या दाखविण्याचा समारंभ 17 विंगच्या हँगरमध्ये झाला, तेव्हा खेळाडू हर्क्युलिस विमानातून बाहेर आले. आपल्या घरांतून हर्क्युलिसची ओळख करून द्यायला नको. 1976 साली एन्टेबेहून आपल्या माणसांना घेऊन आली ती याच जातीची विमाने. बोजड, पोटाळू, देखणे म्हणता येणार नाही असे हे विमान. पण माणसे घरी आणणारे. विनिपेगचा तळ तेच काम करतो. छातीवर ते काढले असते तर टीकाकारांना बोलायला फारसे उरले नसते, आणि तिथल्या सैनिकांचा मानही जास्त खरा झाला असता.

कोणी म्हणेल, तुम्ही इस्रायलात राहता, घरोघरी सैनिक, आणि तुम्ही कॅनडाला शहाणपण शिकवता? म्हणून आपल्याकडेही पाहू. आपल्या क्रीडासंघटनांची नावे काही भित्र्यांची नाहीत. मक्काबी हे योद्ध्यांचे नाव, बेतार हा बार कोखबाच्या बंडातला शेवटचा किल्ला. पण चित्रे पाहा. मक्काबीचा दाविदाचा तारा, बेतारची मेनोरा, हापोएलच्या जुन्या चिन्हात कामगाराचा हातोडा आणि विळा. राष्ट्राचे चिन्ह 1949 साली ठरले तेव्हा देश नुकताच युद्धातून बाहेर आला होता. तरी तलवार घेतली नाही, मेनोरा आणि दोन बाजूंना ऑलिव्हच्या फांद्या घेतल्या. सैन्याच्या चिन्हात तलवार आहे, ती असायलाच हवी. पण तिलाही ऑलिव्हची फांदी गुंडाळली आहे. ज्या घरात हत्यार रोज असते, ते घर ते भिंतीवर मांडत नाही.

आपल्या पूर्वजांचेही तेच होते. बेने इस्रायली माणूस मुंबईच्या पलटणीत सुभेदार झाला, पदके मिळवली. ती ट्रंकेत फडक्यात बांधून ठेवली आणि लग्नाकार्याला काढली. कोकणात लोक आपल्याला ओळखत होते ते तेलाच्या घाण्यावरून, शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली म्हणून. उद्या आपल्या मुलांनी हॉकीचा संघ काढला, तर मी त्यांना घाणा काढायला सांगेन. हसतील, पण ओळखतील!

एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करतो. तो वाद आता विझला आहे. गावाने चिन्ह आपलेसे केले आहे. त्या वर्षी जन्मलेली मुले तेच पाहत वाढली. भाचा सांगतो, तळावर काम करणारे त्याचे शेजारी ते अभिमानाने घालतात आणि त्यांच्यापुढे टीका करणे त्याला जड जाते. मलाही जड जाईल. त्या दहा लाख डॉलरांतून कोणा जखमी सैनिकाचे भले झाले असेल, तर ते चांगलेच झाले. मात्र मान आणि मोह यांत फरक आहे. सैनिकाचा मान करायचा तर त्याचे नाव घ्या, त्याच्या घरी जा, परत आल्यावर त्याला काम द्या. हत्याराचे चित्र हा सोपा मान आहे, कारण त्यात हत्याराचा दरारा मिळतो आणि किंमत दुसरा देतो.

शिवाय यंत्र म्हातारे होते. सीएफ-18 कॅनडाने 1982 पासून वापरले. त्याच्या जागी नवी एफ-35 विमाने घेण्याचे 2023 साली जाहीर झाले. एक दिवस हे विमान संग्रहालयात जाईल आणि पोरे विचारतील, बाबा, हे काय आहे? पानाबद्दल असे कोणी विचारणार नाही.

परवा शबातच्या आधी नातू तीच जर्सी घालून बाजारात निघाला. मी विचारले, "का रे, युनिफॉर्म आवडला का शेवटी?" तो म्हणाला, "साबा, पान छान आहे." आणि जाकिटाची चेन त्याने अर्ध्यापर्यंत ओढून घेतली.