उर्दू कागदांचें ध्वन्यनुसारी टंकन : एक परीक्षण

जुन्या उर्दू कागदांच्या नकला संगणकावर उतरवितांना इंग्रजी कळफलकाचा उपयोग करण्याचा प्रघात हल्लीं बराच रूढ झाला आहे. उच्चारास जवळची रोमन कळ दाबावी आणि पडद्यावर उर्दू अक्षर उमटावें, अशी ही योजना. स्वतंत्र कळफलक शिकण्याचे श्रम तिनें वांचतात, हा तिचा गुण निर्विवाद होय. तथापि संशोधकानें तिच्यावर कितपत विसंबावें, हें धाराशिव जिल्ह्यापुरतें तरी तपासून पाहणें अगत्याचें आहे. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, व १८८४ च्या सुमारास तेथील दरबारी भाषा फारसीऐवजीं उर्दू झाली. तेव्हां परांडा, नळदुर्ग, तुळजापूर यांचा त्या काळचा सरकारी व्यवहार पाहूं जातां उर्दूशीं गांठ पडावयाचीच.

जिल्ह्याच्या नांवापासूनच आरंभ करूं. २०२३ मध्यें 'धाराशिव' हें नांव सरकारांतून कायम झालें. तत्पूर्वींचें 'उस्मानाबाद' हें सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नांवावरून पडलेलें. उर्दूंत 'उस्मान' याचें पहिलें अक्षर ऐन व दुसरें से. प्रचारांतील ध्वन्यनुसारी मांडणींत ऐन 'ई'च्या कळीवर, तर से शिफ्टसह 'सी'च्या कळीवर बसविलेलें आहे. मग ध्वनि राहिला कोठें? ज्यास शब्दाचें लेखन आधींच ठाऊक, त्यासच ही सोय. कानावर भिस्त ठेवणारा अलिफ व सीन लिहील, आणि 'उस्मान' व 'आस्मान' यांत अलिफावरील मद्देपुरतेंच अंतर उरेल!

कोणी म्हणेल, संदर्भावरून अर्थ तर कळतो. कळेल, पण साल बुडेल. अबजद गणनेनें ऐन ७०, से ५००, मीम ४०, अलिफ १, नून ५०, मिळून ६६१ होतात. ऐन व से यांच्या जागीं अलिफ १ व सीन ६० आले कीं बेरीज १५२. मशिदी व दर्गे यांवरील शिलालेखांत कालनिर्देश कित्येकदां अशा अक्षरसंख्येनेंच केलेला असतो. तेथें एका शब्दापायीं ५०९ चा फरक पडावा, ही गोष्ट लहान नव्हे. ज़ या ध्वनीचीं तर चार अक्षरें आहेत, आणि त्यांचे अंक ७, ७००, ८०० व ९००.

रोमन लिपींत मजकूर लिहून यंत्राकडून त्याचें उर्दू करवून घेण्याची दुसरी तऱ्हा आम्हांस सर्वस्वीं त्याज्य वाटते. तेथें अक्षराची निवड यंत्र करतें, व नकलेंत तिची खूण रहात नाहीं. मूळ कारकुनानें अशुद्ध लिहिलें असेल, तर तें तसेंच राखणें हें नकलाकाराचें काम; यंत्र तें परस्पर शुद्ध करून मोकळें होतें. 'नळदुर्ग' यांतील ळ उर्दूंत नाहींच. तो लामवर भागवितात, हें मराठी वाचकानें वेगळें ध्यानांत ठेवावें.

आणखी एक बारकावा. अरबी काफ व उर्दू काफ शब्दाच्या मध्यें सारखेच दिसतात, परंतु यूनिकोडांत त्यांचे क्रमांक निराळे आहेत. एका मांडणीनें उतरविलेला शब्द दुसरीनें शोधूं गेल्यास पुष्कळदां सांपडत नाहीं. यास्तव संग्राहकांनीं नकल पाठवितांना मूळ कागदाचें छायाचित्र सोबत जोडावें, आणि टंकन कोणत्या मांडणीनें केलें तें शिरोभागीं नोंदवावें.