'पन्नास टक्के' म्हणजे किती?

क्षयरोगावरील एम-७२ ही नवी लस सुमारे ५० टक्के परिणामकारक असल्याचे सांगितले जाते. हा आकडा आला कोठून? केनिया, दक्षिण आफ्रिका व झांबिया येथील प्रौढांच्या चाचणीचे तीन वर्षांचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. लस टोचलेल्या १,६२६ जणांपैकी १३ जणांना फुप्फुसाचा क्षय झाला. निष्क्रिय द्राव टोचलेल्या १,६६३ जणांपैकी २६ जणांना. (हे गणित मुलांकडून फळ्यावर जरूर करून घ्यावे.) पण सगळे मिळून रुग्ण अवघे ३९! दोन-चार इकडचे तिकडे झाले, तरी उत्तर बदलते. म्हणूनच खुद्द संशोधकांनी २ ते ७४ टक्के अशी व्याप्ती दिली आहे. बातम्यांत मात्र मधला आकडा तेवढा उरला. शिवाय हे सारे जंतुसंसर्ग झालेले, पण आजारी नसलेले लोक होते. संसर्ग न झालेल्यांबद्दल ही चाचणी काहीच सांगत नाही.

मधल्या टप्प्याची चाचणी म्हणून ती चांगलीच आहे. पण बीसीजीचा अनुभव विसरता येत नाही. ब्रिटनमधील किशोरांत तिने ७५ टक्क्यांहून अधिक संरक्षण दिले, तर तामिळनाडूतील चिंगलपट येथे १९६८ मध्ये सुरू झालेल्या प्रचंड चाचणीत प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून संरक्षण आढळलेच नाही. एम-७२ची २०,००० जणांपर्यंतची चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली आहे.