न्हाण, पाळी आणि संप्रेरक : एक परिभाषाविचार

भिवंडी तालुक्यातील मानकोली येथे बोलीच्या नोंदी घेत असता एका आजीबाईंनी आपल्या नातीविषयी सांगितले, "लहानच आहे ती अजून, पदर कुठे आलाय तिला?" नात तोवर आजीहून वीतभर उंच झाली होती. प्रस्तुत टिपणाचा विषय या विसंगतीतूनच निघाला.

'न्हाण येणे', 'पदर येणे', 'कावळा शिवणे', 'बाहेर बसणे' या प्रयोगांपैकी एकही शरीरात काय घडते ते सांगत नाही. स्नान, वस्त्र, स्पर्शास्पर्श, बसण्याची जागा, म्हणजे घराने काय केले एवढेच त्यांत नोंदलेले आहे. शिवाय पहिल्या दोहोंनी तारुण्यागम एका दिवसावर आणून ठेवला. वस्तुतः मेंदूतील अधश्चेतकातून प्रथम रात्री, झोपेत, संप्रेरकाची स्पंदने सुटू लागतात. त्यांनी पीयूषिका ग्रंथी जागृत होते आणि तिच्या प्रेरणेने अंडाशय इस्ट्रोजेन स्रवू लागतात. स्तनवृद्धीच्या आरंभापासून पहिल्या पाळीपर्यंत बहुधा दोन ते अडीच वर्षे लोटतात, व उंचीच्या वाढीचा वेग त्याआधीच ओसरू लागलेला असतो. पाळी आल्यावरही आरंभीच्या पुष्कळ चक्रांत अंडमोचन होत नाही. भाषा ज्यास आरंभ म्हणते तो आरंभही नव्हे आणि पूर्णताही नव्हे. हा शब्दच्छल मानू नये. १८९१ साली संमतिवय दहावरून बारा करणाऱ्या कायद्यास विरोध झाला, तेव्हा ऋतुप्राप्तीनंतरच्या गर्भाधानसंस्काराचाच आधार घेतला गेला होता.

आता शास्त्रीय परिभाषेकडे वळू. स्टार्लिंगने १९०५ मध्ये 'हार्मोन' हा शब्द 'चालना देणे' या अर्थाच्या ग्रीक धातूवरून योजला. 'संप्रेरक' हा त्याचा प्रामाणिक प्रतिशब्द आहे. दोष शब्दात नाही, त्याभोवतीच्या वाक्यात आहे. 'अमुक संप्रेरक तमुक क्रियेचे नियंत्रण करते' ही रचना एकेरी हुकमाची झाली. इस्ट्रोजेन एरवी पीयूषिकेस आवरते. परंतु त्याची पातळी सुमारे दोन दिवस उंच टिकली की तेच तिला उत्तेजित करते, आणि तिच्या संप्रेरकाच्या उसळीनंतर साधारण दीड दिवसात अंडमोचन होते. संदर्भानुसार एकाच शब्दाचा अर्थ उलटावा, हे भाषाभ्यासकास नवे नाही. पुढे गर्भधारणा न झाल्यास पीतपिंड सुमारे दोन आठवड्यांत सुकतो, प्रोजेस्टेरॉन घटते आणि गर्भाशयाचे अस्तर गळते. 'विटाळ' या शब्दास येथे कोठेच जागा सापडत नाही.

'मासिक धर्म' या सोवळ्या शब्दापेक्षा 'पाळी' मला अधिक यथार्थ वाटते. मानकोली नाक्यावरील गोदामांत जी रात्रपाळी, तीच ही : आपला क्रम येणे. 'मासिक' मात्र फसवे. प्रौढ स्त्रीचे चक्र एकवीस ते पस्तीस दिवसांचे असू शकते, किशोरवयात त्याहूनही लांबते.

र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य'मधून लैंगिक विषय सरळ मराठीत मांडले व त्यापायी खटले सोसले. आज राज्याच्या पाठ्यपुस्तकात ऋतुचक्राचे सविस्तर विवेचन येते ते दहावीत. आजीबाईंची नात सातवीत आहे.