झाकली मूठ आणि तक्रारीचं बटण

दोन पुरुषांची प्रेमकथा आवडीने वाचणारी माणसं पुरोगामी असणारच, असं धरून चाललं जातं. बाहेरचे लोक तसं धरतात आणि फॅनफिक वाचणारे आम्ही तर जरा जास्तच धरतो. मी कॉलेजपासून स्लॅश वाचते. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: मालिकेतली, सिनेमातली किंवा पुस्तकातली दोन पुरुष पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेली त्यांची प्रेमकथा म्हणजे स्लॅश. 'स्टार ट्रेक'मधल्या कर्क आणि स्पॉक यांच्या नावांमध्ये तिरपी रेघ द्यायचे, तिच्यावरून हे नाव पडलं. १९७०च्या दशकात या कथा हौशी मासिकांतून टपालाने फिरायच्या. लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या. १९८५ मध्ये जोआना रस या लेखिकेने त्यांच्याबद्दल निबंध लिहिला आणि बायकांनी बायकांसाठी लिहिलेली इच्छा म्हणून त्यांच्याकडे गांभीर्याने पाहिलं. तेव्हापासून 'स्लॅश म्हणजे बंड' हे समीकरण आमच्या डोक्यात पक्कं बसलंय.

मला ते अर्धंच पटतं. कोणत्या जोडीवर आपला जीव जडतो, त्यावरून आपलं राजकारण फारसं कळत नाही. आपल्याला न रुचणारी गोष्ट दुसऱ्या कुणीतरी लिहिली की आपण काय करतो, त्यावरून मात्र बरंच कळतं.

आजच्या फॅनफिकचं सगळ्यात मोठं घर म्हणजे 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन', बोलीभाषेत एओथ्री. त्याचा जन्मच तक्रारीच्या सावलीत झाला. २००७च्या मे महिन्यात लाइव्हजर्नल या ब्लॉगिंग साइटने बाहेरच्या एका गटाच्या तक्रारींनंतर सुमारे ५०० खाती बंद केली. त्यात फॅनफिकच्या कम्युनिटीही गेल्या. जागा दुसऱ्याची असेल तर आपलं लेखन एका रात्रीत उडू शकतं, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. त्याच वर्षी चाहत्यांनी ना-नफा संस्था उभी केली आणि २००९ मध्ये एओथ्री खुलं झालं. सर्व्हर स्वतःचे, जाहिराती नाहीत, खर्च देणग्यांतून. आणि एक मूळ धोरण: कथा किळसवाणी वाटली म्हणून ती काढायची नाही. तिच्यावर नीट टॅग लावायचे, वाचायची की नाही ते वाचणाऱ्याने ठरवायचं. सॉफ्टवेअर लिहिणारी म्हणून मला हे धोरण फार आवडतं. काय चांगलं, काय वाईट याचा निकाल देणारी यंत्रणा बांधण्याऐवजी त्यांनी नीट शोधता येईल अशी यंत्रणा बांधली. २०१९ मध्ये या आर्काइव्हला ह्यूगो पुरस्कारही मिळाला.

पण या व्यवस्थेत एक सोयीस्कर पळवाटही तयार झाली: 'आवडत नसेल तर वाचू नका'.

२०१५चा 'द फोर्स अवेकन्स' आठवा. फिन हा काळा नायक आणि पो हा वैमानिक. दोघांची मैत्री पडद्यावर इतकी जिवंत की जोडी आयती तयार होती. ती लिहिली गेलीही. पण कायलो रेन आणि हक्स या जोडीवरही हजारो कथा आल्या. हे दोघे गोरे, खलनायक, ग्रहच्या ग्रह बेचिराख करणाऱ्या फौजेचे म्होरके, आणि पडद्यावर एकत्र जेमतेम काही प्रसंगांत. एका वाचकाला कोण आवडावं यावर कुणी बोट ठेवू शकत नाही. पण हजारो लोकांची आवड पुन्हा पुन्हा त्याच दिशेला झुकते, तेव्हा ती खासगी बाब राहत नाही. ते समीक्षेचं काम होतं.

हे काम ज्यांनी केलं त्यांचं काय झालं, ते रुक्मिणी पांडे या भारतीय अभ्यासकाने २०१८च्या 'स्क्वी फ्रॉम द मार्जिन्स' या पुस्तकात मांडलंय. वंशाचा विषय काढणाऱ्या चाहत्यांकडे रंगाचा बेरंग करणाऱ्या म्हणून पाहिलं जातं. जणू त्यांनी विषय काढेपर्यंत तिथे वंश नव्हताच. जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर, जून २०२०मध्ये, एओथ्री चालवणाऱ्या संस्थेने वंशद्वेषी छळाविरुद्ध पावलं उचलण्याचं आश्वासन दिलं. पावलं फार हळू पडताहेत म्हणून २०२३ मध्ये चाहत्यांनी पुन्हा मोहीम काढली. त्यांच्या मागण्यांचा रोख मुख्यतः छळ थांबवण्यावर होता. तरी उत्तर तेच आलं: तुम्हाला सेन्सॉरशिप हवी आहे. टीका आणि बंदी यांतला फरक सगळ्यात आधी कळायला हवा होता तो बंदीतून जन्मलेल्या या जागेला. तिथेच तो पुसट झाला.

हा फरक किती महागात पडू शकतो ते चीनमध्ये दिसलं.

चीनमध्ये पुरुष-पुरुष प्रेमाच्या कादंबऱ्यांना 'दानमेई' म्हणतात. अशाच एका गाजलेल्या कादंबरीवर २०१९ मध्ये 'द अनटेम्ड' ही मालिका आली. सेन्सॉरमुळे मूळ प्रेमाची पडद्यावर जिवलग मैत्री झाली. प्रेक्षकांना जे समजायचं ते समजलं आणि श्याओ जान व वांग यीबो हे दोघे अभिनेते रातोरात तारे झाले. २०२०च्या फेब्रुवारीत एओथ्रीवर एक कथा आली. तिच्यात पात्रं नव्हती, खुद्द हे दोन अभिनेते होते. श्याओ जानला स्त्री म्हणून जगू पाहणारी वेश्या दाखवलं होतं, आणि दुसरा शाळकरी वयाचा. कथेची लिंक वेइबोवर फिरली. श्याओ जानचे काही चाहते खवळले आणि त्यांनी ठरवून सरकारी यंत्रणांकडे तक्रारी केल्या. २९ फेब्रुवारीला चीनमधून एओथ्री उघडेनासं झालं.

तक्रार करणारे मुख्यतः एकट्या श्याओ जानचे चाहते होते, जोडीचे नव्हते, हे खरं. पण त्यांचा हिरो ज्या मालिकेमुळे मोठा झाला ती दानमेईतूनच आलेली. आणि जिवंत माणसाला अशा कथेत घालण्यावरचा आक्षेप मला मूर्खपणाचा वाटत नाही. त्यावर लिहिता आलं असतं, लिंक पसरवू नका म्हणता आलं असतं. त्यांनी मात्र जिथे वाद घालता येत नाही, नुसता हुकूम सुटतो, तिथे दार ठोठावलं.

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घ्या. एओथ्रीसारखी साइट एचटीटीपीएसवर चालते. देशाच्या फायरवॉलला तुम्ही कोणत्या साइटवर जाताय ते दिसतं, त्या साइटवरचं कोणतं पान उघडताय ते दिसत नाही. म्हणजे साइटच्या बाहेरून एकच कथा अडवायची सोयच नाही. अडवायचं तर अख्खं घर अडवावं लागतं. तक्रार एका कथेची होती, दार मात्र सगळ्यांसाठी बंद झालं. चिडलेल्या लेखक-वाचकांनी मग श्याओ जान ज्यांच्या जाहिराती करायचा त्या ब्रँडवर बहिष्कार टाकला. त्याच्या स्टुडिओने माफी मागितली. एओथ्री परत आलं नाही.

यात तिसराही एक आवाज होता. काही दानमेई वाचक म्हणाले, चूक लेखिकेचीच, लिंक चव्हाट्यावर आणायलाच नको होती. आपलं आपल्या वर्तुळात ठेवावं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ही भीती पोकळ नव्हती. २०१८ मध्येच आन्ह्वी प्रांतातल्या न्यायालयाने अशा कादंबरीच्या लेखिकेला १० वर्षं ६ महिन्यांची शिक्षा सुनावली होती. पण मूठ झाकून काही वाचलं का? २०२१ मध्ये नियामकांनी पडद्यावर 'बायकी' पुरुष नकोत असं फर्मान काढलं आणि दानमेईवरच्या तयार मालिका डब्यात अडकल्या. याउलट एप्रिल २०१८ मध्ये वेइबोने समलैंगिक मजकूर साफ करण्याची घोषणा केली, तेव्हा असंख्य लोकांनी 'मी गे आहे' असं उघड लिहिलं. तीन दिवसांत वेइबोला माघार घ्यावी लागली. तेव्हा मूठ उघडली म्हणून काम झालं.

आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ला कलम ३७७चा जाच संपला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ मात्र जागेवर आहे. ऑनलाइन अश्लील मजकूर प्रसिद्ध केला, तर पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. अश्लील काय ते आधी पोलीस ठरवणार, न्यायालय नंतर. टोपणनावाने मराठीत स्लॅश लिहिणाऱ्या मुलीला आत टाकायला संस्कृतिरक्षकांची फौज लागत नाही. दुसऱ्या जोडीचा एखादा चिडलेला चाहता पुरतो.

म्हणून मी माझ्यापुरता एक नियम केलाय. खऱ्या माणसाचा पत्ता उघड केला, कुणाला धमकावलं, कुणाच्या मागे झुंड लावली, की रिपोर्ट करायचं, आणि ते साइटकडे. कथा वंशद्वेषी वाटली, जातीचा माज दिसला, प्रेमाच्या नावाखाली जबरदस्ती गोड करून दाखवली, तर त्यावर लिहायचं, सगळ्यांना वाचता येईल असं. लेखिका रागावेल, मैत्रिणी म्हणतील कशाला मूड घालवतेस. घालवू दे की. वाचून झाल्यावर भांडता येत नसेल, तर बंडखोर साहित्य वाचतो असं मिरवायला आपल्याकडे उरतं तरी काय?