तोतया उत्तरे

२०१४च्या मार्चमध्ये मला चेन्नईत श्रोते सहज मिळत होते. ८ मार्चच्या पहाटे मलेशिया एअरलाइन्सचे एमएच ३७० हे विमान नाहीसे झाले आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत ट्रान्सपॉन्डर, लष्करी रडार, दिएगो गार्सिया हे शब्द मी जन्मापासून वापरत असल्यासारखे बोलू लागलो. बेझंटनगरमध्ये एका परिचितांकडे रात्रीची जेवणे झाल्यावर मी असाच एक सिद्धांत रंगवून सांगत होतो. विमान कुणी वळवले, कुठे उतरवले, कुणी दडवले, सगळे. ऐकणारे खूश होते. माझे संपल्यावर समोर बसलेल्या एक बाई आवाज न चढवता एवढेच म्हणाल्या, की त्या विमानात त्यांची ओळखीची मैत्रीण होती. माझ्या गोष्टीत ती कुठे बसते, असे काही त्यांनी विचारले नाही. विचारले असते तर माझ्याकडे उत्तर नव्हते. माझ्या गोष्टीत प्रवासी नव्हतेच.

त्या मैत्रिणीचे नाव चंद्रिका शर्मा. चेन्नईतून चालणाऱ्या, लहान मच्छीमारांच्या बाजूने काम करणाऱ्या 'इंटरनॅशनल कलेक्टिव्ह इन सपोर्ट ऑफ फिशवर्कर्स' या संस्थेच्या त्या कार्यकारी सचिव होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या परिषदेसाठी त्या क्वालालंपूर-बीजिंगमार्गे मंगोलियाला निघाल्या होत्या. त्यांचे पती के. एस. नरेंद्रन यांचे 'लाइफ आफ्टर एमएच ३७०: जर्नीइंग थ्रू अ व्हॉइड' हे इंग्रजी पुस्तक २०१८मध्ये आले. ते मी आधीही वाचले होते. यंदा मात्र या विमानावरची इतर पुस्तके, लेख आणि मालिका शेजारी ठेवून पुन्हा वाचले, तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली: एकाच रिकाम्या जागेवर दोन अगदी वेगळ्या तऱ्हेचे लेखन उभे राहिले आहे आणि त्यांतली एक तऱ्हा दुसरीला जवळजवळ ऐकूच येऊ देत नाही.

आधी जे पक्के आहे ते. विमानात २२७ प्रवासी आणि १२ कर्मचारी होते, प्रवाशांत पाच भारतीय. उड्डाण स्थानिक वेळेनुसार रात्री १२ वाजून ४२ मिनिटांनी. १ वाजून १९ मिनिटांनी शेवटचे बोलणे, दोन मिनिटांनी ट्रान्सपॉन्डर बंद. लष्करी रडारवरच्या खुणांवरून विमान मागे वळून मलाक्का सामुद्रधुनीवरून गेल्याचे दिसते; २ वाजून २२ मिनिटांनी तेही थांबते. त्यानंतर सकाळी ८ वाजून १९ मिनिटांपर्यंत एका उपग्रहाशी विमानातल्या यंत्राची अधूनमधून नोंद होत राहिली. ती नोंद जागा सांगत नाही. उपग्रहापासूनचे अंतर सांगते, म्हणजे नकाशावर बिंदू न मिळता एक कंस मिळतो. जुलै २०१५मध्ये रियुनियन बेटावर पंखाचा एक तुकडा वाहून आला, पुढे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आणखी काही. १ लाख २० हजार चौरस किलोमीटर समुद्रतळ पाहून जानेवारी २०१७मध्ये शोध थांबला. २०१८मध्ये एका खाजगी कंपनीनेही मोठा टापू धुंडाळला, हाती काही लागले नाही. जुलै २०१८च्या मलेशियाच्या तपास अहवालाचा निष्कर्ष असा, की विमान नाहीसे होण्याचे खरे कारण ठरवता येत नाही आणि तिसऱ्या कुणाचा हस्तक्षेप नाकारताही येत नाही.

एवढ्यावर माणूस थांबत नाही. थांबणे त्याच्या स्वभावातच नाही.

जुन्या पोथ्यांशी संबंध आलेल्या वाचकाला यातला एक तपशील ओळखीचा वाटेल. वैमानिक कक्षातून आलेले शेवटचे शब्द 'ऑल राइट, गुड नाइट' असे होते, हे जगाने काही आठवडे गृहीत धरले. त्या बेफिकीर 'ऑल राइट'वर किती लिहिले गेले! सुरात काय दडले आहे, नेहमीची शिस्त कशी मोडली आहे, निरोप घेणारा माणूस कसा बोलतो. मग मलेशियाने संभाषणाची अधिकृत प्रत प्रसिद्ध केली. त्यात शब्द होते 'गुड नाइट, मलेशियन थ्री सेव्हन झिरो'. रोजचे, नियमाचे शब्द. चुकीच्या पाठावर भाष्यांची चळत रचली गेली होती. पाठ बदलला, पण भाष्यकारांपैकी फारच थोड्यांनी भाष्य मागे घेतले. माझ्या मते या साऱ्या साहित्याचा दोष इथे उघडा पडतो. अर्थ आधी ठरलेला असतो, शब्द नंतर शोधले जातात.

अमेरिकन विमानविषयक पत्रकार जेफ वाइज यांचे 'द प्लेन दॅट वॉझंट देअर' (२०१५) घ्या. उपग्रहाच्या नोंदींत कुणीतरी फेरफार केला आणि विमान दक्षिणेला न जाता उत्तरेला कझाकस्तानात नेले गेले, असा त्यांचा तर्क. मांडणी चुरचुरीत आहे, तांत्रिक भाग समजावून देण्याची हातोटी मोठी आहे. पण नंतर समुद्राने तुकडे परत केले, तेव्हा सिद्धांत टिकवण्यासाठी ते तुकडेच कुणीतरी पेरले असावेत अशी शंका घ्यावी लागली. जो पुरावा विरोधात जाईल तो कटाचाच भाग ठरवणारी गोष्ट कधीच खोटी ठरत नाही. तशी गोष्ट ऐकायला छान वाटते, तिच्यावर विसंबता मात्र येत नाही.

फ्रेंच पत्रकार फ्लोरान्स द शांजी यांचे 'द डिसअपिअरिंग अ‍ॅक्ट' (२०२१) अधिक कष्टाचे पुस्तक आहे. सरकारी निवेदनांतल्या विसंगती त्यांनी चिकाटीने जमवल्या आहेत आणि तो भाग वाचलाच पाहिजे असा आहे. विमानातल्या मालाच्या यादीकडे त्या वारंवार वळतात. या यादीत २२१ किलो लिथियम आयन बॅटऱ्या होत्या आणि साडेचार टनांहून अधिक मँगोस्टीन, म्हणजे आपल्या कोकमाच्या कुळातले फळ. प्रश्न विचारेपर्यंत त्या भक्कम असतात. उत्तर द्यायला लागल्या की, विमान चीनला पोचू नये म्हणून दक्षिण चिनी समुद्रावरच अडवले गेले, या कल्पनेपर्यंत जाताना 'असेल', 'शक्य आहे' हे शब्द हळूहळू गळून पडतात. विल्यम लांगेवीश यांचा 'द अटलांटिक'मधला २०१९चा दीर्घ लेख गद्य म्हणून या सगळ्यांत सरस. ते स्वतः वैमानिक होते, त्यामुळे वाक्यावाक्यात अधिकार आहे. पण तो अधिकार एका माणसाच्या मनाच्या आत शिरतो आणि तिथे काय चालले होते हे सांगू लागतो, तेव्हा मी थबकतो. कॅप्टनच्या घरच्या सिम्युलेटरमध्ये हिंदी महासागराच्या दक्षिणेकडे जाणारे बिंदू सापडले, हे खरे. त्याच्या वागण्यात अलीकडे बदल झाल्याचा पुरावा मिळाला नाही, हेही तपास अहवालातच आहे. दोन्ही वाक्ये शेजारी ठेवून जगणे अवघड असते. कथेला एकच लागते.

२०२३ची नेटफ्लिक्सची मालिका तर या रोगाची सोयीची पुस्तिकाच. तीन भाग, तीन सिद्धांत: वैमानिक, अपहरण, पाडाव. प्रत्येक भागाला सारखी वेळ, सारखे संगीत, सारखा अंधार. पुराव्याचे वजन कितीही कमी-जास्त असो, तराजू मात्र सरळ धरलेला. नातेवाईक पडद्यावर येतात, रडतात आणि पुढचा सिद्धांत सुरू होतो.

मराठी वाचकाला हे सारे परके वाटायचे कारण नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ गर्दीत दिसेनासे झाले. नंतर शव मिळाल्याच्या, त्याला अग्नी दिल्याच्या वार्ता आल्या, पण शंका उरली. पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करले नाही, त्या अखेरपर्यंत सौभाग्यवती म्हणूनच राहिल्या. आणि त्या शंकेच्या फटीतून तोतया आला. चेहरा जुळत होता, लोकांना तो हवा होता. १७७६मध्ये कोकणातले किल्ले त्याच्या हाती जाण्याइतके बळ त्याला मिळाले आणि शेवटी पुण्यात देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी 'तोतयाचे बंड' लिहून त्याला रंगभूमीवर आणले. पार्वतीबाईंवर मात्र आपल्याकडे पिढ्यानपिढ्या एकतर कीव केली गेली किंवा त्यांना वेडाच्या काठावर बसवले गेले. खरे पाहता त्यांनी एवढेच केले होते: ज्याची खात्री नाही ते आपल्या कपाळावर लिहून घ्यायला नकार दिला.

तोतयाची खरी खूण म्हणजे तो सगळ्या प्रश्नांची उत्तरे देतो. एमएच ३७०वरचे बहुतेक सिद्धांत मला असे तोतयेच वाटतात. हरवलेल्या सत्यासारखा त्यांचा चेहरा असतो, आणि तो पटावा अशी आपली गरज असते.

नरेंद्रन यांच्या पुस्तकात तोतयाला थारा नाही. ते सिद्धांतांकडे पाठ फिरवत नाहीत. ज्याचे माणूस विमानात होते त्याला 'का' हा प्रश्न इतरांपेक्षा जास्तच छळणार. पण एखादा सिद्धांत उचलून ते प्रकरण मिटवत नाहीत. २४ मार्च २०१४ रोजी मलेशियाच्या पंतप्रधानांनी विमानाचा प्रवास दक्षिण हिंदी महासागरात संपल्याचे जाहीर केले आणि कंपनीने नातेवाइकांना, कुणीही वाचले नाही असे मानावे लागेल, अशा अर्थाचा इंग्रजी एसएमएस धाडला. २९ जानेवारी २०१५ रोजी सरकारने हा अपघात ठरवला, सर्वांना मृत गृहीत धरले. म्हणजे कारण माहीत नाही, जागा माहीत नाही, पण निकाल तयार. या पुस्तकाची धग मला तिथे जाणवते. सिद्धांतवाल्यांचे उत्तर आणि सरकारचे उत्तर, दोन्ही घाईची आहेत. एकाला गोष्ट संपवायची आहे, दुसऱ्याला फाइल. उपशीर्षकातली पोकळी लेखक भरून काढत नाही. तिच्यातून चालत जातो.

पुस्तक निर्दोष नाही. आत्मचिंतन काही ठिकाणी पसरट होते आणि एखाद्या कठोर संपादकाची उणीव भासते. तरी मी त्या पसरटपणाशी भांडणार नाही. रहस्यकथेचा वेग आणि वाट पाहण्याचा वेग सारखा असू शकत नाही. आपण बाबुराव अर्नाळकरांवर वाढलेली माणसे. शेवटच्या पानावर गुन्हेगार हाती लागलाच पाहिजे ही आपली सवय. हे पुस्तक ती सवय मोडते.

मग तर्क करूच नये काय? असे म्हणणे ढोंगीपणाचे होईल. १ जानेवारी १९७८ रोजी मुंबईहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे 'एम्परर अशोक' वांद्र्याच्या किनाऱ्यापासून जवळच समुद्रात कोसळले, २१३ माणसे गेली. घातपाताची चर्चा लगेच सुरू झाली. समुद्रातून काढलेल्या नोंदयंत्रांनी वेगळे सांगितले: विमानाचा कल दाखवणारे एक उपकरण बिघडले होते आणि बाहेरच्या काळोखात कॅप्टनचा अंदाज चुकला. तर्क होता, पुरावा आला, तर्क बाजूला झाला. चांगल्या तर्काची हीच परीक्षा. आपल्याला काय सापडले तर आपण चुकीचे ठरू, हे त्याने आधीच सांगितलेले असते.

आणि कधी 'कुठे'चे उत्तर मिळते, तरी 'का' उरतेच. २२ जुलै २०१६ला चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेले हवाई दलाचे एएन-३२ विमान २९ जणांसह बंगालच्या उपसागरावर नाहीसे झाले. साडेसात वर्षांनी, जानेवारी २०२४मध्ये, चेन्नईतल्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या पाणबुड्या यंत्राने टिपलेल्या छायाचित्रांवरून अवशेष बहुधा त्याच विमानाचे असल्याचे जाहीर झाले. किनाऱ्यापासून सुमारे ३१० किलोमीटरवर, ३,४०० मीटर खोल. या विमानावर मालिका निघाली नाही. त्यात परदेशी हेर बसवायला जागा नव्हती.

मराठीत आपण 'बेपत्ता' म्हणतो. ज्याचा पत्ता नाही तो. या शब्दात मरणही नाही आणि जगणेही नाही. चंद्रिका शर्मा यांनी ज्यांच्यासाठी काम केले त्या किनाऱ्यावरच्या बायकांना हा शब्द नवा नाही. २०१७च्या ओखी वादळात कन्याकुमारी आणि केरळचे कितीतरी मच्छीमार असेच बेपत्ता झाले. सात वर्षे खबर नसलेला माणूस मेला असे मानणारे कायद्याचे कलम तिथे घराघरात पोटाचा प्रश्न बनते: भरपाई, बँक, बोटीचे कर्ज. त्या बायकांकडे सिद्धांत मागायला कुणी जात नाही.

२०१४च्या जूनमध्ये, विमान नाहीसे झाल्यानंतर तीन महिन्यांनी, लहान मच्छीमारीसंबंधीची जागतिक मार्गदर्शक तत्त्वे मंजूर झाली. ती घडवण्यात चंद्रिका शर्मा यांचा वाटा होता आणि ती त्यांनाच अर्पण केलेली आहेत. एमएच ३७०वर मी वाचलेल्या हजारो पानांत त्यांच्याबद्दल खात्रीने सांगता येईल असे सर्वांत भरीव वाक्य मला त्या अर्पणपत्रिकेत सापडले. त्यात विमानाचा उल्लेख नाही. त्या काय करत होत्या, एवढेच आहे.

बेझंटनगरच्या त्या घरी मी पुन्हा गेलो तर आता सांगायला माझ्याकडे सिद्धांत नाही. त्या बाई भेटल्या, तर मैत्रिणीबद्दल विचारीन.